जुनी लष्करी ‘थ्री नॉट थ्री’ शिकारीसाठी घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओंटारियोत हरणांचा मोसम जवळ आला की ओळखीतल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. कुणी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून जुनी ली-एनफील्ड, म्हणजे .३०३ मापाची ब्रिटिश लष्करी रायफल, घेतलेली असते, कुणाला ती सासऱ्यांच्या तळघरात सापडलेली असते. प्रश्न तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. मी खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्यात होते, त्यामुळे ‘थ्री नॉट थ्री’ हा शब्द घरात रोजचा. प्रत्यक्ष रायफल मात्र इथे कॅनडात, परवाना काढल्यावरच हातात आली. इथलं बहुतेक सगळं त्या एका जातीच्या रायफलबद्दल आहे, कारण तीच मला नीट माहीत आहे.

हे काम भारतात करता येईल का?

नाही. .३०३ हे आपल्याकडे निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, सामान्य माणसाला त्याचा परवाना मिळत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ आणि ६ नुसार परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर किंवा नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. भारतात परवानाधारकांकडे दिसते ती .३१५, म्हणजे आठ मिलिमीटरची. ती याच ली-एनफील्डच्या घडणीवर बेतलेली आहे. लष्करी काडतूस लोकांच्या हाती पडू नये म्हणून ब्रिटिशांच्या काळात हे वेगळं माप रूढ झालं. तेव्हा पुढचं सगळं, जिथे ही रायफल कायदेशीरपणे बाळगता येते आणि तिने शिकार करता येते, तिथल्या वाचकांसाठी आहे.

कॅनडात आणि इतरत्र कायद्याचं काय?

कॅनडात सुरक्षा-प्रशिक्षण घेऊन पाल हा परवाना काढावा लागतो. मे २०२२ पासून साधी रायफल विकत देतानाही विक्रेत्याला परवान्याची सरकारी पडताळणी करावी लागते. न्यूझीलंडमध्ये जून २०२३ पासून शस्त्रांची नोंदणी सुरू झाली आहे. ऑस्ट्रेलियात अशी सेंटरफायर (टोपी बुडाच्या मधोमध असलेल्या काडतुसाची) बोल्ट-अॅक्शन रायफल, म्हणजे हाताने बोल्ट मागेपुढे करून भरायची, बी वर्गात मोडते. शिकारीचे नियम प्रांताप्रांतात बदलतात, ते आपल्या ठिकाणी विचारूनच घ्या.

माझी रायफल नेमकी कोणती, हे कसं ओळखू?

तोंडाकडे बघा. लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि पुढे बोथट लोखंडी टोपी असेल, तर ती एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड), म्हणजे १९०७ चा मार्क ३ किंवा पहिल्या महायुद्धातला मार्क ३ स्टार. १९२६ मध्ये तिचं नाव नंबर १ झालं. नेम धरायची तिची मागची साइट नळीवर, बरीच पुढे असते. नळीचं टोक लाकडाबाहेर डोकावत असेल आणि मागची साइट डोळ्याजवळ, रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्याच्या) मागच्या टोकाला भोकाची असेल, तर ती नंबर ४. ही दुसऱ्या महायुद्धातली.

नंबर १ वर कारखान्याचं नाव बोल्टच्या दांड्याखाली, दस्ता (खांद्याला टेकणारं मागचं लाकूड) जिथे घुसतो त्या लोखंडी पट्ट्यावर असतं: इंग्लंडमधलं एनफील्ड आणि बीएसए, ऑस्ट्रेलियातलं लिथगो, बंगालमधलं ईशापूर. नंबर ४ वर ते बहुतेकदा रिसीव्हरच्या डाव्या अंगाला असतं. टोरोंटोजवळच्या लाँग ब्रँचची खूण कॅनडात सर्रास दिसते. अमेरिकेतल्या सॅव्हेजच्या रायफलींवर ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असा शिक्का असतो. आणि ज्यांच्या नावातला ‘ली’ आपण घेतो ते जेम्स पॅरिस ली जन्माने स्कॉटिश, पण वाढले इथेच, ओंटारियोतल्या गॉल्ट गावात. इथे ही रायफल परकी वाटत नाही, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

माझ्याकडची रायफल पूर्ण मूळ अवस्थेत आहे. शिकारीसाठी कापू का?

कापू नका. या सगळ्या लिखाणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

दुसऱ्या महायुद्धानंतर या रायफली ढिगांनी बाजारात आल्या. अमेरिकेत तर १९६८ च्या कायद्यापर्यंत टपालाने घरपोच मिळत. तेव्हा पुढचं लाकूड कापणं, संगीनीचा खुंट काढणं, दस्ता तासणं यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं, आणि त्या काळाच्या हिशेबाने ते चुकीचंही नव्हतं. शेतकऱ्याला हिवाळ्याचं मांस हवं होतं आणि नवी रायफल परवडत नव्हती. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारख्या कंपन्यांनीही लष्करी रायफली घेऊन त्यांना देखणं शिकारी रूप दिलं.

आज गणित उलटं आहे. मूळ अवस्थेतल्या रायफली घटत चालल्या आहेत, आणि एकदा करवत लागली की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत बरीच उतरते. शिवाय तिच्यावरचे शिक्के हा तिचा प्रवास असतो. कुठल्या कारखान्यातून निघाली, कुठे दुरुस्त झाली, कुठल्या पलटणीत होती, हे सगळं त्या लाकडावर आणि लोखंडावर कोरलेलं असतं. तासल्यावर ते कायमचं गेलं. काम करायची हौस असेल तर आधीच कुणीतरी कापलेली रायफल घ्या. त्या भरपूर मिळतात, स्वस्त असतात, आणि त्यांना खरोखर कुणीतरी नीट करण्याची गरज असते.

मग मूळ रायफल शिकारीला नेऊच नये का?

जरूर न्या. भरपूर लोक नेतात. खांद्याचा पट्टा बदला, दस्त्याला कातडी गालपट्टी बांधा, काढता येईल अशी साइट लावा. पुन्हा जसंच्या तसं करता आलं पाहिजे, एवढंच पथ्य.

कापलेली रायफल विकत घेताना काय तपासू?

आधी ती रिकामी आहे याची खात्री, मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढून, बोल्ट उघडून, चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) बोट घालून. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा आणि मागून उजेडाकडे बघा. नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा ठसठशीत हव्यात. थोडा काळपटपणा चालतो, पण चेंबरपुढे आणि तोंडाशी खाचा पुसट झाल्या असतील तर घेऊ नका. नंबर ४ मध्ये युद्धकाळात दोनच खाचांच्या नळ्याही बनल्या, तो दोष नाही.

बोल्टवरचा नंबर आणि रिसीव्हरवरचा नंबर जुळतो का बघा. न जुळणारा बोल्ट म्हणजे कुणीतरी तो दुसरीकडून आणून बसवलाय. त्याचे लग (बंद बोल्ट अडवून धरणारे खुंट) नीट टेकतात की नाही हे गनस्मिथने (बंदुकांच्या कारागिराने) पाहिल्याशिवाय बार काढू नये.

‘डीपी’ अशी दोन अक्षरं कुठेही दिसली तर रायफल खाली ठेवा. ती कवायतीसाठी होती, बार काढण्यासाठी नाही. ईशापूरला काही एसएमएलईंच्या नळ्या .४१० च्या बंदुकीसारख्या गुळगुळीत करून पोलिसांना आणि पहारेकऱ्यांना दिल्या गेल्या. वरून त्या सारख्याच दिसतात. नळीत खाचा आहेत का, हा प्रश्न त्यासाठीसुद्धा महत्त्वाचा.

मार्क १ स्टार नंबर ४ असेल तर बोल्ट सावकाश मागेपुढे करा. तिच्यात बोल्टचं डोकं ज्या रुळावरून सरकतं त्याला पुढच्या बाजूला एक खाच असते. खाचेची कड झिजून तुटली असेल तर जोरात ओढल्यावर डोकं रुळावरून सुटतं. दुकानात उभ्या उभ्या कळणारी गोष्ट आहे, पण बघणारे फार थोडे.

हेडस्पेस म्हणजे काय, आणि सगळे त्याची एवढी भीती का घालतात?

.३०३ च्या काडतुसाला बुडाशी कंगोरा असतो. बोल्ट बंद केल्यावर तो कंगोरा नळीची मागची कड आणि बोल्टचं तोंड यांच्यामध्ये धरला जातो. त्याच्यासाठी सोडलेली जागा म्हणजे हेडस्पेस. ती जास्त झाली तर बार होताना पितळी पुंगळी मागे ताणली जाते, आणि बुडापासून बोटभर वर तिचा तुकडा पडू शकतो. तेव्हा तापलेला वायू मागे, म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे येतो. भीती उगाच नाही.

लष्करी मापात ०.०६४ इंचाचा गेज (मापाचा ठोकळा) घातल्यावर बोल्ट सहज बंद व्हायला हवा आणि ०.०७४ इंचाचा घातल्यावर बंद होता कामा नये. नंबर ४ मध्ये सोय चांगली आहे. बोल्टच्या सुट्या डोक्यावर ०, १, २, ३ असे नंबर असतात, आणि नंबर वाढला की डोकं थोडं लांब. जागा वाढली तर पुढच्या नंबरचं डोकं लावायचं. नंबर १ च्या डोक्यांना नंबर नसतात, ती एकेक करून बसवून बघावी लागतात. चिकटपट्टी लावून अंदाज घेण्याचे घरगुती उपाय लोक सांगतात. मी ते करत नाही. गेज महाग नसतात आणि गनस्मिथकडे असतातच.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. या रायफलींचं चेंबर मुद्दामच ऐसपैस ठेवलेलं असतं, खंदकातल्या चिखलातही काडतूस जावं म्हणून. त्यामुळे हेडस्पेस बरोबर असूनही पुंगळी पुढच्या बाजूला चांगलीच फुगते. पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांनी फक्त गळ्याचं माप करावं, सगळी पुंगळी दरवेळी दाबून मूळ मापात आणू नये. तशी दाबत राहिलात तर चार-पाच वेळांतच ती बुडाजवळ पातळ होते.

दस्ता काढायचाय. कुठून सुरुवात करू?

पुढच्या लाकडापासून. आधी दस्ता काढायला जाऊ नका.

माझ्या पहिल्या रायफलीला, एका लिथगो एसएमएलईला, मी हे न कळता उलट केलं. दस्त्याच्या मागच्या पितळी पट्टीतलं झाकण उघडलं, आतला नमद्याचा बोळा काढला, लांब पेचकस घातला आणि दस्ता आवळून धरणारा आतला लांब बोल्ट फिरवला. ‘कट्ट’ असा आवाज आला. नंबर १ मध्ये त्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका छोट्या पट्टीत अडकलेलं असतं, बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून. पुढचं लाकूड जागेवर असताना तो फिरवला की चौकोनी टोक लाकडाला आतून उकलतं. ते लाकूड नव्वद वर्षं टिकलं होतं, आणि माझ्या एका पिळाने मागून चार बोटं उभं चिरलं. सरसाने जोडलं, पितळेची बारीक सळई आडवी घातली, आजही चालतंय. पण ती चीर दिसते.

तेव्हा क्रम असा: मॅगझिन आणि बोल्ट काढा, वरचं लाकूड आणि कड्या काढा, चापाच्या कडीचे स्क्रू सोडा, पुढचं लाकूड सरळ खाली ओढून वेगळं करा, मग दस्ता. बोळा काढल्याशिवाय पेचकस घालू नका, नाहीतर तो आत ठासून बसतो. पेचकसाचं पातं खाचेएवढं रुंद हवं.

कापलेल्या रायफलीचा नेम दिवसागणिक बदलतो. नळी गेली का?

बहुतेक वेळा नाही. दोष लाकडात असतो.

या रायफलीची नळी बारीक आहे, आणि ती लाकडात कशी बसते यावर सगळा नेम अवलंबून असतो. नंबर ४ मध्ये पुढच्या लाकडाचं टोक नळीला खालून काही पौंडांनी वर दाबतं. नंबर १ मध्ये ते काम तोंडाजवळची एक छोटी स्प्रिंग करते. लाकूड अर्ध्यावर कापलं की ही सगळी मांडणी गेली. उरलेलं लाकूड नळीला कुठेतरी, कसंही टेकतं. पावसात फुगलं की एका बाजूने, सुकलं की दुसऱ्या.

मी करतो ते असं. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये पाच डॉलरची नोट सरकवून बघायची. कुठे अडकते तिथे खडूने खूण करायची आणि तेवढंच लाकूड गोल कानशीने, हलक्या हाताने उतरवायचं. चेंबरपुढचा पहिला इंचभर सोडून बाकी नळी मोकळी झाली की नेम सहसा जागेवर येतो. काही नळ्यांना मोकळेपणा मानवत नाही. तेव्हा लाकडाच्या टोकाशी कातड्याचा एक पातळ तुकडा ठेवून पुन्हा मैदानावर बघायचं. यात घाई चालत नाही, प्रत्येक बदलानंतर पाच-पाच गोळ्यांचे दोन गट तरी झाडावे लागतात.

त्याआधी एक जागा बघा: पुढच्या लाकडाची मागची टोकं, जी रिसीव्हरला घट्ट टेकायला हवीत. धक्का तिथेच पेलला जातो. ती दबून सैल झाली असतील तर बाकी काहीही करा, उपयोग नाही. लिथगोने मऊ लाकडासाठी तिथे तांब्याच्या पट्ट्या बसवल्या होत्या. आज इपॉक्सीने ती जागा भरून काढता येते. रिसीव्हरला आधी मेणाचा हात द्यायला विसरू नका.

दुर्बीण लावायची आहे.

नंबर ४ वर भोक न पाडता लावता येते. मागची साइट काढून तिच्या पिनच्या भोकात बसणारे माउंट मिळतात. नंबर १ अवघड. तिच्यावर तसा आधार नाही, बहुतेकदा रिसीव्हरच्या डाव्या भिंतीला भोकं पाडून आटे करावे लागतात. रिसीव्हर कडक केलेला असतो, घरातल्या ड्रिलने ते काम करू नका. जुन्या कापलेल्या रायफलीत कुणीतरी ती भोकं आधीच पाडलेली असतात, तीच वापरा.

मॉझर या जर्मन लष्करी रायफलीच्या तुलनेत एक फायदा आहे. मॉझरवर दुर्बीण बसवायची तर बोल्टचा दांडा वाकवावा लागतो, सेफ्टी बदलावी लागते. ली-एनफील्डचा दांडा आधीच खाली झुकलेला, सेफ्टी डाव्या बाजूला, दोन्ही आड येत नाहीत. तोटा असा की दुर्बीण उंच बसते आणि दस्ता उघड्या साइटसाठी ठेंगणा केलेला असतो. गाल हवेत राहतो. गालपट्टी लावल्याशिवाय दुर्बिणीचे पैसे वाया.

इथल्या जंगलात हरीण क्वचितच शंभर मीटरच्या पलीकडे दिसतं. तेवढ्यासाठी मला नंबर ४ ची मूळ भोकाची साइटच पुरते. माशीला, म्हणजे पुढच्या साइटला, पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, संध्याकाळच्या उजेडात फरक कळेल.

चाप हलका करता येईल का?

स्वतः करू नका. या रायफलीचा चाप दोन टप्प्यांचा असतो, पहिला सैल, दुसरा घट्ट. अनेक जण पहिल्या टप्प्यालाच दोष समजतात. पंधरा दिवस रिकाम्या रायफलीवर सराव करा, हात सरावतो. नंबर ४ मार्क १ मध्ये चाप खालच्या कडीवर टांगलेला असल्याने लाकूड फुगलं की त्याची ओढ बदलते. १९४९ च्या मार्क २ मध्ये तो थेट रिसीव्हरला लावला. तुमच्या रायफलीची ओढ ऋतूप्रमाणे बदलत असेल तर कारण हे.

नळी आखूड केली तर?

मूळ नळी २५.२ इंचांची. कॅनडात नळी कापून ४५७ मिलिमीटरपेक्षा कमी किंवा एकूण लांबी ६६० मिलिमीटरपेक्षा कमी केली तर रायफल निषिद्ध ठरते. अमेरिकेत संघराज्याची मर्यादा १६ आणि २६ इंच. कायद्यात बसूनही मी कापायला सांगणार नाही. गोळीचा वेग घटतो, आवाज आणि झळ वाढते, आणि तोंडाची कड लेथवर नीट केली नाही तर नेम कायमचा बिघडतो. ‘जंगल कार्बाइन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी रायफली या कापलेल्या नंबर ४ असतात. खरी नंबर ५ कारखान्यातच हलकी केलेली, तिच्या रिसीव्हरमधून आणि नळीच्या मुळातून धातू कोरून काढलेला दिसतो.

जुनी लष्करी काडतुसं वापरू का? खडकीचीही मिळतात म्हणे.

मिळतात. एका जत्रेवजा बाजारात मी पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ (किरकी फॅक्टरी, म्हणजे खडकी) ही अक्षरं पाहिली आणि बराच वेळ ती हातात धरून उभा राहिलो. वडील सांगायचे, आतली दारू, कॉर्डाइट, म्हणजे पिवळसर शेवयांची जुडी. तशी दोन काडतुसं मी घरी ठेवली आहेत, झाडण्यासाठी नाही.

जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचा क्षार नळीत राहतो, मिठासारखा हवेतला ओलावा ओढतो आणि दोन दिवसांत गंज चढतो. तेलाने तो क्षार निघत नाही, पाण्यानेच विरघळतो. म्हणून झाडलीच तर त्याच दिवशी नळीतून किटलीभर कढत पाणी ओता, कोरडी करा, मग तेल. शिकारीसाठी मात्र आजची, पसरणाऱ्या टोकाची १७४ ते १८० ग्रेन वजनाची गोळीच घ्या. लष्करी टणक गोळी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन हाल होऊन मरतं. स्वतः भरत असाल तर गोळीचा व्यास ०.३११ किंवा ०.३१२ इंच हवा, ०.३०८ ची सैल पडते.

काडतूस मॅगझिनमध्ये अडकतं.

कंगोऱ्यावर कंगोरा चढलाय. वरच्या काडतुसाचा कंगोरा खालच्याच्या पुढे असायला हवा. भरतानाच लक्ष द्या. तरीही अडकलं तर मॅगझिनचे ओठ वाकलेत का बघा. पक्कडीने ओढू नका, दुसरं मॅगझिन बसवून आधी खात्री करा.

नळी बदलून जास्त ताकदीचं काडतूस वापरता येईल?

नाही. तिचे लग मागे आहेत, जास्त दाबासाठी ती बनलेली नाही. ईशापूरने १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरची २ए आणि २ए१ रायफल काढली ती वेगळ्या, जास्त मजबूत पोलादाची. ती बघून साध्या एसएमएलईवर तोच प्रयोग करायला जाऊ नका.

लाकडाला काय लावू?

जवसाचं तेल. पण आधी जुना चिकटा काढा. खडूची बारीक पूड आणि मिनरल स्पिरिट यांची लापशी लाकडावर थापून सुकू द्यायची, ती आतलं तेल ओढून पिवळी पडते. झटकून पुन्हा. तीन-चार वेळांत लाकूड मोकळं होतं. खड्डे पडले असतील तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री धरा, वाफेने दबलेले तंतू उठतात. पॉलिश पेपर शिक्क्यांवर फिरवू नका. मग तेल बोटांनी, अगदी पातळ, दिवसाला एक हात, आठवडाभर.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर मोकळी पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

एवढ्या खटाटोपापेक्षा नवी रायफल घेणं सोपं नाही का?

सोपं आहे, आणि अचूकही. आजची साधी नवी रायफल दुर्बिणीसकट बहुतेक जुन्या .३०३ पेक्षा चांगला नेम देते. तुम्हाला फक्त फ्रीझरमध्ये मांस हवं असेल तर तीच घ्या. पण कुणाच्या तरी आजोबांनी अर्ध्यावर सोडलेलं काम हातात घेऊन नीट करायचं असेल, बोल्टची ती वेगवान चाल आवडत असेल, तर ही घ्या. कॅनडाच्या उत्तरेतल्या रेंजर्सनी, म्हणजे लष्कराच्या राखीव गस्ती दलाने, नंबर ४ कितीतरी दशकं वापरली, थंडीत ती अडत नाही म्हणून.

कापलेली रायफल पुन्हा मूळ रूपात आणता येते का?

नळी आणि रिसीव्हर शाबूत असतील तर येते. लाकडाचे जुने संच, कड्या, टोप्या अजून मिळतात. नंबर ४ चे जास्त सहज. पुढचं लाकूड नव्याने बसवताना मागची टोकं आधी जुळवा, काजळी लावून कुठे टेकतंय ते बघत बघत, आणि दस्ता सगळ्यात शेवटी.